केसपेपर मोबाइलमध्ये, गुप्तता कोणाच्या हातात?

सरकारी रुग्णालयात केसपेपर हा शब्द अजूनही दिवसातून शंभर वेळा ऐकू येतो. पण निम्मा केसपेपर आता मोबाइलमध्ये गेला आहे. रक्ताचा रिपोर्ट लॅबमधून व्हॉट्सॲपवर येतो. एक्स-रेचा फोटो काढून गावाकडच्या डॉक्टरांना पाठवला जातो. डिस्चार्ज कार्ड मुलाच्या फोनमध्ये असते आणि मुलगा पुण्याला असतो. सोय मोठी आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. मुंबईत अँजिओग्राफी झालेल्या रुग्णाचे औषध कणकवलीत बिनचूक चालू राहते, ते या सोयीमुळेच. मात्र कागद हरवला तर एखाद्याच्या हाती लागतो. फोटो हातातून सुटला तर तो कुठवर जाईल, याला हिशेब नाही.

इंटरनेटवरची सुरक्षितता म्हटली की आपल्यासमोर आधी बँकेचे खाते येते. ती काळजी रास्तच आहे. पण पासवर्ड बदलता येतो, कार्ड बंद करून नवे घेता येते. एचआयव्हीचा रिपोर्ट, गर्भपाताची नोंद किंवा मानसोपचाराच्या गोळ्यांची चिठ्ठी बदलता येत नाही. ती एकदा बाहेर गेली की लग्न, नोकरी, भाड्याचे घर अशा सगळ्यांवर तिची सावली पडू शकते.

गुप्तता हाही उपचाराचा भाग

क्षयरोगाचे नेहमीचे औषध सहा महिने घ्यावे लागते. ते घराजवळच्या केंद्रात मोफत मिळत असताना काही रुग्ण दोन एसटी बदलून दूरच्या रुग्णालयात येतात. कारण विचारले तर उत्तर एकच असते, ‘तिकडे ओळखीचे लोक आहेत.’ पाऊस आला, गाडी चुकली, की औषधात खंड पडतो. खंड पडला की औषधाला दाद न देणारा क्षयरोग होण्याची शक्यता वाढते. म्हणजे ‘कोणाला कळेल’ ही भीती थेट प्रकृतीवर परिणाम करते. म्हणूनच रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे हे डॉक्टरांचे जुने कर्तव्य आहे. एचआयव्हीच्या बाबतीत तर २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे. काही ठरावीक अपवाद सोडले, तर रुग्णाच्या संमतीशिवाय त्याची स्थिती उघड करता येत नाही.

ही गुप्तता कशी फुटते, याची उदाहरणे दूर शोधायला नकोत. २०१६ च्या अखेरीस मुंबईतील एका पॅथॉलॉजी लॅबचे ४३ हजारांहून अधिक रिपोर्ट इंटरनेटवर उघडे पडलेले आढळले. त्यांत एचआयव्हीचेही होते. कोणी कुलूप फोडले नव्हते; कुलूप लावलेलेच नव्हते. २०२५ च्या फेब्रुवारीत राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातील महिलांच्या तपासणीचे सीसीटीव्ही चित्रण ऑनलाइन विकले जात असल्याचे उघड झाले. अटक झालेल्यांत महाराष्ट्रातलेही होते. फिनलंडमध्ये एका खासगी मानसोपचार संस्थेच्या सुमारे ३३ हजार रुग्णांच्या नोंदी चोरीला गेल्या आणि २०२० मध्ये थेट रुग्णांनाच ईमेल गेले : पैसे द्या, नाहीतर डॉक्टरांना सांगितलेले सगळे जाहीर करू.

या तिन्ही घटनांत रुग्णाचा काहीच दोष नव्हता. माहिती सांभाळणे ही आधी रुग्णालयाची आणि लॅबची जबाबदारी आहे. पण आपल्या हातात असलेले दरवाजे आपण उघडे ठेवू नयेत, एवढे तरी करता येते.

रिपोर्ट पाठवताना

पहिला दरवाजा म्हणजे नोंदणीच्या खिडकीवरचा मोबाइल क्रमांक. घाईत नवऱ्याचा, भावाचा किंवा शेजाऱ्याचा क्रमांक दिला जातो आणि रिपोर्ट त्याच क्रमांकावर जातो. तरुण मुलीच्या तपासणीचा निकाल तिच्याआधी घरभर होतो, तो असा. क्रमांक स्वतःचाच द्या. स्वतःचा फोन नसेल किंवा तो घरात सगळे वापरत असतील, तर ‘रिपोर्ट हातात घेईन’ असे स्पष्ट सांगा. त्यात संकोच नको.

दुसरा दरवाजा कुटुंबाचा ग्रुप. ‘कोणी डॉक्टर ओळखीचे आहेत का?’ म्हणून रिपोर्ट टाकला जातो आणि तिथून तो सोसायटीच्या, मग शाळासोबत्यांच्या ग्रुपवर पोहोचतो. व्हॉट्सॲपचा संदेश वाटेत कोणाला वाचता येत नाही, हे खरे. पण पोहोचल्यावर तो पुढे पाठवणाऱ्याला कोण अडवणार? सल्ला हवा असेल तर एकाच डॉक्टरांना, वैयक्तिक संदेशातून पाठवा. त्यांना पाठवताना मात्र नाव, वय, तारीख झाकू नका, नाहीतर एकाचा रिपोर्ट दुसऱ्याच्या नावावर वाचला जाण्याचा धोका असतो. इतर कोणाला दाखवायचाच असेल, तर नाव, नोंदणी क्रमांक, मोबाइल आणि जन्मतारीखही झाका. नुसते नाव झाकून भागत नाही. अमेरिकेत १९९० च्या दशकात लटान्या स्वीनी या संशोधिकेने नावे काढून टाकलेल्या रुग्णनोंदी मतदार यादीशी ताडून पाहिल्या आणि जन्मतारीख, लिंग व पिनकोड यांवरून मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरांची नोंद शोधून काढली होती.

तिसरा दरवाजा झेरॉक्सचे दुकान. प्रिंट काढण्यासाठी आधार, रेशन कार्ड आणि रिपोर्ट दुकानाच्या क्रमांकावर पाठवले जातात आणि तिथेच राहतात. प्रिंट झाल्यावर फाइल आपल्यासमोर काढून टाकायला सांगा. जिथे चालते तिथे आधारची ‘मास्क्ड’ प्रत द्या. तिच्यावर शेवटचे चारच अंक दिसतात.

आणखी एक. वॉर्डातून किंवा आयसीयूतून फोटो काढून स्टेटसला ठेवू नका. मागच्या खाटेवरच्या माणसाने तुम्हाला परवानगी दिलेली नसते. बाळाच्या फोटोत मनगटावरची पट्टी दिसत असते, तिच्यावर आईचे नाव असते.

आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा १४ अंकी ‘आभा’ क्रमांक घेणे ऐच्छिक आहे. त्यात आपली नोंद दुसऱ्या रुग्णालयाला दाखवण्यासाठी आपली संमती लागते आणि ती मागेही घेता येते. तेव्हा मोबाइलवर संमतीची विचारणा आली, की कोण मागते आहे, कशासाठी आणि किती दिवसांसाठी, हे वाचल्याशिवाय होकार देऊ नका.

घाबरलेला माणूस, सोपे सावज

आजारी माणसाच्या घाईचा फायदा घेणारी एक फसवणूक ध्यानात ठेवण्यासारखी आहे. नातेवाईक इंटरनेटवर रुग्णालयाचा क्रमांक शोधतात. समोर येणारा क्रमांक भामट्याचा असतो. तो अदबीने बोलतो, ‘उद्याचा नंबर लावतो, फक्त दहा रुपये भरा,’ म्हणतो आणि एक लिंक किंवा एपीके फाइल पाठवतो. ती फाइल फोनवर चढवली आणि मागेल ती परवानगी दिली, की आपले एसएमएस, म्हणजे बँकेचे ओटीपीही, त्याला दिसू लागतात. दहा रुपयांच्या जागी खाते रिकामे होते.

यात शिकलेला माणूसही फसतो, याचे कारण शरीरात आहे. भीती वाटली की ॲड्रेनलिन वाढते, छाती धडधडते, मेंदू पळण्याच्या किंवा लढण्याच्या तयारीला लागतो. शांतपणे पडताळून पाहणे त्या क्षणी मागे पडते. ‘डिजिटल अरेस्ट’ करणारे तासन् तास व्हिडिओ कॉल चालू ठेवतात, कोणाशी बोलू देत नाहीत, ते म्हणूनच. ती भीती ओसरू द्यायची नसते. आपल्या कायद्यात अशी अटक नाहीच. त्यावर उपाय एकच : फोन ठेवा, पाणी प्या, दहा मिनिटे थांबा आणि घरातल्या एका माणसाला सांगा. दहा मिनिटांनी तीच गोष्ट वेगळी दिसते.

रुग्णालयाचा क्रमांक केसपेपरवरून किंवा जुन्या पावतीवरून घ्या. अनोळखी माणसाने पाठवलेली फाइल फोनवर चढवू नका. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन मागितला की पैसे जाणार, हे समजा. व्हॉट्सॲपचे ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’ चालू करा आणि ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मध्ये अनोळखी यंत्र दिसले तर काढून टाका. वडीलधाऱ्यांच्या फोनवर हे काम घरातल्या मुलांनी पाच मिनिटांत करून द्यावे. मात्र ते करताना त्यांचे संदेश वाचत बसू नये. गुप्तता आजोबांनाही असते.

एवढे करूनही फसवणूक झालीच, तर लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा. बँकेलाही कळवा. चोरीचे पैसे एका खात्यातून दुसऱ्यात झपाट्याने फिरवले जातात. ते काढून घेण्याआधी तक्रार पोहोचली तर अडवता येतात. खासगी फोटोवरून किंवा रिपोर्टवरून कोणी धमकावत असेल, तर पैसे देऊ नका. एकदा दिले की मागणी वाढते. त्याचे संदेश पुसू नका, स्क्रीनशॉट घेऊन ठेवा आणि पोलिसांकडे जा.

खरा अडसर असतो तो लाजेचा. ‘लोक काय म्हणतील’ म्हणून माणसे दोन-दोन दिवस गप्प राहतात. जेवण सुटते, झोप जाते, रक्तदाब वाढतो, काहींच्या मनात जीव देण्याचे विचार येतात. अशा वेळी ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो. घरच्यांनीही आधी ‘एवढे कसे कळले नाही?’ असे विचारू नये. दुखणे अंगावर काढू नये, असे आम्ही रुग्णांना रोज सांगतो. फसवणूकही अंगावर काढू नये. दोन्हींत लवकर सांगणाऱ्याचे नुकसान कमी होते.