पदकानंतरची वर्षे

मुष्टियुद्धाच्या इतिहासात जो लुईस हे नाव फार मोठे. हा अमेरिकन कृष्णवर्णीय मुष्टियोद्धा १९३७ साली जगज्जेता झाला आणि पंचवीस वेळा आव्हान परतवून जवळजवळ बारा वर्षे त्या पदावर राहिला. १९४२ मध्ये दोन लढतींची कमाई त्याने सैन्यदलांच्या साहाय्यनिधींना दिली व स्वतः सैन्यात दाखल झाला. पुढे करखात्याने त्याच्याकडे लाखो डॉलरांची थकबाकी काढली. ती फेडण्यासाठी निवृत्त लुईस पुन्हा रिंगणात उतरला आणि १९५१ मध्ये, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, रॉकी मार्सियानोच्या ठोशाने दोरांबाहेर कोसळला. त्यानंतर करमणुकीच्या कुस्त्या आणि अखेरीस लास व्हेगासच्या एका जुगारगृहात पाहुण्यांचे स्वागत, एवढेच त्याच्या वाट्याला उरले.

पैशासाठी खेळणाऱ्याचे असेच व्हायचे, असे म्हणून आपण मोकळे होतो. पण जो देशाच्या नावाने खेळला, त्याचे तरी काय झाले?

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव मातीतले मल्ल. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये गादीवरची कुस्ती त्यांना नवखी होती, तरी ते सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीला जाण्यासाठी पैशांची वानवा पडली. गावकऱ्यांनी वर्गणी काढली; कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर स्वतःचे घर गहाण ठेवले. शिष्यासाठी एवढे करणारा शिक्षक आजही विरळाच म्हणावा लागेल! हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडा व मेक्सिकोच्या मल्लांना हरविले. मात्र एका दीर्घ लढतीनंतर त्यांना पुरेशी विश्रांती न देता लगेच सोव्हिएत मल्लासमोर उभे केले गेले, आणि नियमावर बोट ठेवून हरकत घेणारा एकही भारतीय अधिकारी तेथे हजर नव्हता. तरीही कांस्यपदक मिळाले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसऱ्यासाठी देशाला १९९६ पर्यंत थांबावे लागले. परतल्यावर शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली.

बैलगाड्या आपापल्या गोठ्यांकडे परतल्या, आणि खाशाबांचा खरा सामना सुरू झाला. पोलीस खात्यात उपनिरीक्षकाची जागा मिळाली ती १९५५ साली, पदकानंतर तीन वर्षांनी. गुडघ्याच्या दुखापतीने १९५६ चे मेलबर्न हुकले आणि तिशीतच कारकीर्द आटोपली. पुढे सुमारे सत्तावीस वर्षे चाकरी, त्यात दीर्घकाळ रखडलेली बढती आणि शेवटी निवृत्तिवेतनासाठी झगडा. १९८४ च्या ऑगस्टमध्ये अपघाताने त्यांचा अंत झाला. अर्जुन पुरस्कार आला तो त्यानंतर दीड दशकाने, मरणोत्तर.

लुईसला पैसा मिळाला पण टिकला नाही, खाशाबांना तो मिळालाच नाही. दोघांच्याही खेळाची मुदत मात्र सारखीच, तारुण्याएवढी. सरकारी नोकरीतला कारकून अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतो, मल्ल तिशी-पस्तिशीत. आणि उरलेल्या तीस-चाळीस वर्षांचा हिशेब कोणत्याही क्रीडा संघटनेच्या वहीत नसतो.

वाशीम जिल्ह्यातही यात्रेच्या दंगलीत कुस्ती जिंकणाऱ्या पोराला फेटा, नारळ आणि इनामाची रोकड मिळते. खुराकाचा खर्च मात्र बहुधा कोरडवाहू शेतीवर बाप सोसतो. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव झाल्या, हे चांगलेच झाले. परंतु त्या प्रमाणपत्रांवर मिळतात, आणि यात्रेतल्या फेट्याला प्रमाणपत्र नसते. गुडघा निकामी झालेला पंचविशीतला मल्ल तर त्या रांगेतही उभा राहू शकत नाही. त्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च कोणी द्यावा, हे अजून कोणत्याच आखाड्याने, संघटनेने वा खात्याने आपल्या अंगावर घेतलेले दिसत नाही.