सामान कुणी आणायचं?

गाडीचा क्लच गेला की मिस्त्री दोन आकडे सांगतो. एक सामानाचा, एक मजुरीचा. सामानाचा आकडा ऐकून पुणेकर नाना पेठ गाठतो. मीही गाठली. प्लेट स्वस्तात मिळाली. मिस्त्री म्हणाला, "साहेब, सामान तुमचं, हात माझा. सामानानं दगा दिला तर मजुरी पुन्हा पडेल."

दोन महिन्यांत क्लच घसरू लागला. दुकानदार म्हणाला, बसवणाऱ्याची चूक. मिस्त्री म्हणाला, माल खोटा. निवाडा करणारा तिसरा कुणी नव्हता. प्लेट बदलायला गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. ती मजुरी मी दुसऱ्यांदा मोजली.

मिस्त्री सामानावर चार पैसे ठेवतो, ते आपल्याला सलतं. पण त्या पैशांत ही जोखीम असते. सामानही त्याचं, हातही त्याचा, मग बोट दाखवायला त्याला दुसरा कुणी उरत नाही. ग्राहक आयोगाकडे जायची वेळ आली तरी पक्कं बिल हवं, आणि तेच मागायला आपण लाजतो!

वायपर, बल्ब, एअर फिल्टर खुशाल स्वतः आणा. बॅटरीही आणा, वॉरंटी कार्ड आपल्याजवळ राहतं. मात्र इंजिनाचा भाग आणायचाच झाला तर चासी नंबर सोबत न्या, कारण एकाच मॉडेलचे भाग साल बदललं की बदलू शकतात. आणि गॅरेजवाले सगळेच साव नसतात. त्यांनी सामान आणलं तर नव्या भागाचा खोका बघा, त्यावरची छापील किंमत बिलाशी ताडा आणि जुना भाग मागून घ्या.