गाठ आणि मज्जातंतू: एक मागोवा

वाशीम जिल्ह्यातल्या कुठल्याही तालुक्यात, रिसोड असो की मानोरा, तुरीचं धसकट पायात घुसून जखम चिघळली की दोन-चार दिवसांत जांघेत अवधाण येतं. ही फुगलेली गाठ म्हणजे लसिकाग्रंथी. शरीरात अशा पाच-सहाशे ग्रंथी असतात. जखमेतले जंतू तिथे अडवले जातात, त्यांच्याशी लढणाऱ्या पेशी वाढतात आणि गाठ ठणकू लागते. ठणका म्हणजे मज्जातंतू आलेच. तरीही या लढाईत त्यांचं काम काय, हा प्रश्न फार उशिरा विचारला गेला.

मज्जातंतू आणि प्रतिकारशक्ती यांची गाठ कुठे पडते, हे आपल्याकडे दिसलं ते कुष्ठरोगात. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात प्रयोगशाळेची धुरा वाहणारे डॉ. वसंत रामजी खानोलकर १९५० च्या दशकात सांगत होते की, हा आजार कातडीवर दिसत असला तरी सुरुवातीच्या चट्ट्यातही मज्जातंतूंना इजा झालेली असते. विदर्भात तेव्हा वर्ध्याजवळचं दत्तपूर, अमरावतीचं तपोवन आणि वरोऱ्याचं आनंदवन रुग्णांना आसरा देत होते. हात-पाय वाकडे का होतात, याचं उत्तर प्रतिकारशक्तीच्या माऱ्यात सुजलेल्या त्यांच्या मज्जातंतूंत होतं.

जगाचं लक्ष या नात्याकडे वळलं ते १९७५ मध्ये. अमेरिकेत रॉबर्ट एडर आणि निकोलस कोहेन यांनी उंदरांना सॅकरिनचं गोड पाणी आणि प्रतिकारशक्ती दाबणारं औषध एकत्र दिलं. पुढे नुसतं गोड पाणी दिलं तरी प्रतिपिंडं कमी तयार झाली. म्हणजे मेंदूने शिकलेली गोष्ट प्रतिकारशक्तीपर्यंत पोचत होती. पण कोणत्या वाटेने? ह्यूगो बेसेडोव्स्की यांना त्याच दशकात उलट दिशेचा निरोप सापडला. प्रतिकाराची प्रक्रिया सुरू झाली की प्लीहेतलं नॉरअॅड्रेनलिन हे मज्जातंतूंनी सोडलेलं चेतारसायन कमी होत होतं. मज्जातंतू बोलत होते तसे ऐकतही होते.

वाट दाखवली डेव्हिड फेल्टन यांनी. १९८० च्या दशकात त्यांच्या गटाने सूक्ष्मदर्शकाखाली तंतूंचा माग काढत नेला. लसिकाग्रंथीत ते रक्तवाहिन्यांच्या सोबतीने शिरतात, पण तिथेच थांबत नाहीत. लढणाऱ्या पेशींपैकी टी-पेशींच्या वस्तीत ते फाटे फोडतात, बी-पेशींच्या पुंजक्यांपासून मात्र बहुतेक दूरच राहतात. मला हा शोध सगळ्यांत मोलाचा वाटतो, कारण त्यानंतर ग्रंथीला निव्वळ गाळणी म्हणणं शक्य राहिलं नाही.

पुढचे धागे जपान आणि अमेरिकेतून आले. २०१४ मध्ये काझुहिरो सुझुकी यांच्या गटाने उंदरांमध्ये दाखवलं की, नॉरअॅड्रेनलिनचा निरोप मिळालेल्या पेशी ग्रंथीतच थांबून राहतात, रक्तात उतरायला वेळ लावतात. २०२१ मध्ये हार्वर्डमधल्या उलरिख फॉन आन्द्रियान यांच्या गटाने वेदना जाणणारे तंतूही लसिकाग्रंथीत सापडल्याचं मांडलं. ते तंतू प्रकाशाने चेतवले, तर ग्रंथीतल्या पेशींच्या जनुकांचं काम बदलत होतं. ठणका कळवणारी नस गाठीच्या कारभारातही हात घालते, असा याचा अर्थ. माणसात हे कितपत घडतं, ते अजून तपासलं जात आहे.

वाशीमला या साऱ्याचा उपयोग काय? उत्तर पुन्हा कुष्ठरोगात सापडतं. १९८० च्या दशकात बहुविध औषधोपचार आला आणि कुष्ठरोग बरा होऊ लागला. २००५ अखेर देशातलं प्रमाण दहा हजारांत एकापेक्षा खाली आलं. पण औषध चालू असताना किंवा संपल्यावरही काहींना ‘रिअॅक्शन’ येते. प्रतिकारशक्ती जंतूंच्या अवशेषांवर तुटून पडते आणि नस सुजते. एका प्रकारात तर गाठीही दुखऱ्या होतात. तेव्हा वेळीच स्टेरॉइड मिळालं तर हात वाचतो, उशीर झाला तर बोटं वाकडी होतात.

म्हणून अंगावर बधिर चट्टा दिसला, कोपराजवळची नस दुखू लागली किंवा पायाला मुंग्या येऊ लागल्या तर लपवू नका. आशाताईंना सांगा, प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहेत.