वाइल्ड कार्डाच्या तीन जागा

पुण्यातली एटीपी टेनिस स्पर्धा 2023 नंतर बंद झाली, तेव्हा हळहळ झाली ती बहुतेक मोठ्या नावांसाठी. मारिन चिलिच, केव्हिन अँडरसन, इवो कार्लोविच असे खेळाडू आता बालेवाडीला दिसणार नाहीत, याची. ती हळहळ खरी होती. पण आपलं मोठं नुकसान वेगळ्याच ठिकाणी झालं आणि ते कळायला पुरुष एकेरीचा ड्रॉ कसा भरतो, हे पाहावं लागतं.

बालेवाडीचा ड्रॉ 28 जणांचा असे. पहिल्या चार मानांकितांना पहिल्या फेरीत पुढे चाल, म्हणजे त्यांनी विजेतेपदासाठी चार सामने जिंकायचे आणि बाकीच्यांनी पाच. अव्वल मानांकित तक्त्याच्या माथ्यावर, दुसरा तळाशी. दोघांची गाठ पडलीच तर अंतिम फेरीत. बिगरमानांकितांच्या जागा चिठ्ठ्या टाकून ठरतात, त्यामुळे एखाद्याच्या वाट्याला पहिल्याच दिवशी तगडा प्रतिस्पर्धी येतो. बहुतेक जागा जागतिक क्रमवारीवरून थेट भरतात. चार जागा पात्रता फेरीतून वर आलेल्यांच्या. त्यांना मुख्य फेरीआधी दोन सामने जिंकावे लागतात, म्हणजे करंडकापर्यंत एकूण सात. आणि तीन जागा यजमानांच्या हातात. त्या कोणाला द्यायच्या हे आयोजक ठरवतात, क्रमवारीचा आकडा आड येत नाही. हीच वाइल्ड कार्डं.

या तीन जागांचं मोल गुणांच्या हिशेबात आहे. या दर्जाच्या स्पर्धेत विजेत्याला 250 गुण मिळतात, म्हणूनच तिला ‘एटीपी 250’ म्हणतात. पहिल्या फेरीत हरणाऱ्याला शून्य. पुढे चाल मिळालेला मानांकित आपला पहिलाच सामना हरला, तरी त्यालाही शून्यच. गुण नाहीत तर क्रमवारी नाही, क्रमवारी नाही तर मोठ्या स्पर्धेत थेट प्रवेश नाही आणि प्रवेश नाही तर गुण कुठून येणार? दोनशे-तीनशेच्या क्रमांकावरचा खेळाडू वर्षानुवर्षं या फेऱ्यात अडकतो. छोट्या स्पर्धांमागे देशोदेशी फिरतो, प्रवास आणि प्रशिक्षकाचा खर्च बक्षिसाच्या रकमेतून निघेलच असं नाही. त्याच्या देशात मोठी स्पर्धा होत असेल, तर निदान एका आठवड्यापुरता हा फेरा तुटतो.

तुटला तर काय होतं, हे 2009 च्या जानेवारीत चेन्नईनं पाहिलं. ही स्पर्धा तेव्हा तिथे होत असे. 1997 पासून 2017 पर्यंत ती चेन्नईची होती. सोमदेव देववर्मन नुकताच अमेरिकेतून परतला होता. व्हर्जिनिया विद्यापीठाकडून खेळताना 2007 आणि 2008 अशी लागोपाठ दोन वर्षं त्यानं तिथल्या महाविद्यालयीन टेनिसचं एकेरीचं विजेतेपद मिळवलं होतं. पण व्यावसायिक क्रमवारीत तो दोनशेच्या पलीकडे. आयोजकांनी त्याला वाइल्ड कार्ड दिलं. दुसऱ्या फेरीत समोर होता कार्लोस मोया, एके काळचा जगातला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू आणि याच स्पर्धेचा दोनदा विजेता. सोमदेवनं त्याला हरवलं. मग उपांत्यपूर्व फेरीत कार्लोविचला. उपांत्य फेरीत रायनर शुटलर दुखापतीमुळे उतरलाच नाही आणि वाइल्ड कार्डवाला मुलगा थेट अंतिम फेरीत! तिथे चिलिचनं त्याला दोन सेटमध्ये हरवलं, पण त्या आठवड्यानं त्याच्या कारकिर्दीची दिशा बदलली. पुढे 2010 च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत त्यानं एकेरीचं सुवर्ण मिळवलं आणि 2011 मध्ये तो जागतिक क्रमवारीत 62 व्या स्थानापर्यंत चढला.

वाइल्ड कार्ड म्हणजे वशिला, असा आक्षेप नेहमी येतो. त्यात तथ्य आहे. क्रमवारीत वर असलेला कुणी परदेशी खेळाडू बाहेर राहतो आणि यजमानांचा मुलगा आत येतो. पण टेनिसमधले बलाढ्य देश हेच फार मोठ्या प्रमाणावर करतात. प्रत्येक ग्रँड स्लॅमच्या पुरुष एकेरीत आठ वाइल्ड कार्डं असतात. ऑस्ट्रेलिया, फ्रान्स आणि अमेरिका तर त्यातली काही एकमेकांच्या खेळाडूंसाठी राखून ठेवतात. त्या देशांत होतकरू मुलाला दार आतून उघडून देणारं कुणीतरी असतं. आपल्याकडे असं एकच दार होतं.

पुण्यानं ते काही काळ उघडं ठेवलं. पुण्याच्याच अर्जुन कढेला इथे एकाहून अधिक वर्षं एकेरीची वाइल्ड कार्डं मिळाली. 2023 मध्ये मानस धामणे मुख्य फेरीत उतरला तेव्हा त्याला पंधरावं वर्ष पूर्ण होऊन जेमतेम काही दिवस झाले होते. तोही पुण्याचा, इटलीत रिकार्डो पियाटी यांच्या अकादमीत तयार होत असलेला. अमेरिकेच्या मायकेल मो यानं त्याला 6-2, 6-4 असं हरवलं. गुण शून्य. पण व्यावसायिक खेळाडूची सर्व्हिस किती जड येते आणि एक ढिला गेम कसा अख्खा सेट नेतो, हे सरावात शिकता येत नाही. पंधराव्या वर्षी घरच्या कोर्टवर ते कळणं, ही मला त्या स्पर्धेची सर्वांत मोठी कमाई वाटते.

त्याच वर्षी विजेता ठरला टॅलन ग्रीकस्पूर. हा डच खेळाडू तेव्हा पहिल्या शंभरात जेमतेम टिकून होता. अंतिम फेरीत बेंजामिन बोंझीविरुद्ध पहिला सेट गमावून त्यानं 4-6, 7-5, 6-3 अशी बाजी मारली. एटीपीचं हे त्याचं पहिलंच विजेतेपद. वर्ष संपेपर्यंत तो पहिल्या तिसात होता. बड्या नावांच्या गैरहजेरीत अशा स्पर्धांना दुय्यम म्हणायची सवय आहे, पण ग्रीकस्पूरसारख्यांची वाट इथूनच जाते.

2024 च्या वेळापत्रकात वर्षारंभीच्या पुण्याच्या आठवड्यात हाँगकाँग आलं. तिथल्या यजमानांनी वाइल्ड कार्ड दिलं ते आपल्या कोलमन वाँगला. पुढच्याच वर्षी अमेरिकन ओपनमध्ये पात्रता फेरीतून येऊन त्यानं मुख्य फेरीचा सामना जिंकला. खुल्या युगात ग्रँड स्लॅम एकेरीत सामना जिंकणारा तो हाँगकाँगचा पहिला पुरुष खेळाडू. एका वाइल्ड कार्डामुळेच हे घडलं, असं म्हणणं धाडसाचं ठरेल. पण बालेवाडीची ती जागा तिकडे गेली आणि तिथल्या मुलानं तिचा उपयोग केला, एवढं खरं.

बालेवाडीत टेनिस थांबलेलं नाही. तिथे आता एटीपीच्या खालच्या, चॅलेंजर पातळीची स्पर्धा होते. ती कमी लेखू नये. फेब्रुवारी 2024 मध्ये ती मोनॅकोच्या व्हॅलेंतिन वाशेरोनं जिंकली. ऑक्टोबर 2025 मध्ये हाच वाशेरो 204 व्या क्रमांकावर असताना शांघायच्या मास्टर्स स्पर्धेच्या पात्रता फेरीत राखीव यादीतून घुसला, उपांत्य फेरीत त्यानं नोव्हाक जोकोविचला नमवलं आणि करंडक घेऊन गेला. सुमित नागलनंही फेब्रुवारी 2024 मध्ये चेन्नईची चॅलेंजर जिंकूनच पहिल्या शंभरात प्रवेश केला होता.

चॅलेंजरच्या एकेरीतही यजमानांकडे तीन वाइल्ड कार्डं असतात. ती कारकिर्दीच्या उतारावरच्या ओळखीच्या नावांना न देता सतरा ते वीस वर्षांच्या मुलांना द्यावीत, पहिल्या फेरीत हरली तरी पुढच्या वर्षी पुन्हा द्यावीत. एटीपी स्पर्धा परत आणायला मोठा प्रायोजक आणि वेळापत्रकातला मोकळा आठवडा लागेल. या तीन जागा मात्र आजही आपल्याच हातात आहेत.