शस्त्रक्रियेनंतरचे पथ्य

वजन उतरविण्याकरिता जठराचा लहान कप्पा करून तो थेट लहान आतड्यास जोडण्याची शस्त्रक्रिया डॉ. एडवर्ड मेसन यांनी १९६६ साली अमेरिकेत सुरू केली. तिने वजन उतरते. पथ्य मात्र जन्मभराचे असते. आमच्या सोनागिरीत न्याहरीला पोह्यांबरोबर जिलेबी असते. अशा रुग्णाने ती खाल्ल्यास साखर एकदम आतड्यात उतरून पाणी ओढून घेते. अर्ध्या तासात कळा, जुलाब, घाम सुरू होतात. काहींना १ ते ३ तासांनी रक्तातील साखर घटून भोवळ येते. म्हणून थोडे, चावून खावे. पाणी जेवणानंतर ३० मिनिटांनी प्यावे. बी-१२ व लोह तपासीत राहावे. पंक्तीतला आग्रह प्रेमाचा खरा. पण अशा पानावर ‘आणखी एक’ वाढू नये, ही आमची सर्व कुटुंबांना विनंती.