बी. बी. सी. वर्ल्ड सर्व्हिस

बी. बी. सी. वर्ल्ड सर्व्हिस : ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशन (बी. बी. सी.) या सार्वजनिक नभोवाणी संस्थेचा, परदेशांतील श्रोत्यांसाठी कार्यक्रम प्रसारित करणारा विभाग. जगातील घडामोडींची वार्तापत्रे व त्यांवरील भाष्ये हा या सेवेचा गाभा असून इंग्रजीखेरीज इतर अनेक भाषांतूनही ती चालते. खर्चाचा मोठा भाग दीर्घकाळ शासनाने सोसावा, बातम्यांचा मजकूर मात्र संपादकांनीच ठरवावा, या तत्त्वावर तिची उभारणी झाली. हे तत्त्व व्यवहारात कितपत पाळले गेले, हा तिच्या इतिहासातील कळीचा प्रश्न होय.

बी. बी. सी.च्या ‘एम्पायर सर्व्हिस’चे ध्वनिक्षेपण इंग्लंडमधील डॅव्हेंट्री येथील केंद्रावरून १९ डिसेंबर १९३२ रोजी सुरू झाले. लघुतरंग आयनांबरावरून परावर्तित होऊन हजारो किलोमीटर दूर पोहोचतात. या गुणधर्मामुळे इंग्लंडमधील केंद्रावरून वसाहतींतील इंग्रजी भाषिकांपर्यंत आवाज नेणे शक्य झाले. मात्र आयनांबराची स्थिती दिवस-रात्र व ऋतू यांनुसार पालटत असल्याने तरंगलांबी वेळोवेळी बदलावी लागे. पुढे ही अडचण कमी करण्यासाठी निरनिराळ्या देशांत पुनःक्षेपण केंद्रे उभारण्यात आली. १९६५ पासून या इंग्रजी सेवेस ‘वर्ल्ड सर्व्हिस’ हे नाव मिळाले.

इंग्रजीखेरीज अन्य भाषांतील पहिली सेवा अरबी होय. इटलीच्या बारी केंद्रावरून अरबीत ब्रिटनविरोधी प्रचार चालू होता. त्याला तोंड देण्यासाठी ती ३ जानेवारी १९३८ रोजी सुरू झाली. पहिल्याच दिवशीच्या वार्तापत्रात, पॅलेस्टाइनमधील ब्रिटिश प्रशासनाने एका अरबास फाशी दिल्याची बातमी होती. शासनाच्या हितासाठी काढलेल्या सेवेने शासनाला अडचणीची बातमी द्यावी काय, असा वाद त्यावरून निर्माण झाला. गैरसोयीची बातमी गाळल्यास श्रोत्यांचा सोयीच्या बातमीवरही विश्वास राहत नाही, ही बातमीदारांची बाजू होती. पुढील काळात हाच वाद वेगवेगळ्या रूपांत पुन्हा पुन्हा उद्‌भवला.

दुसऱ्या महायुद्धात (१९३९–४५) या सेवेचा झपाट्याने विस्तार झाला. हिंदुस्तानी भाषेतील प्रसारण मे १९४० मध्ये सुरू झाले. लंडनहून केलेले फ्रेंच नेते शार्ल द गोल यांचे जून १९४० मधील आवाहन याच सेवेवरून फ्रान्समध्ये पोहोचले. जर्मनीत परदेशी नभोवाणी ऐकणे हा गुन्हा ठरविण्यात आला होता. तरीही लोक ती चोरून ऐकत. कारण ब्रिटनच्या पराभवांच्या बातम्याही तीवरून मिळत आणि त्यामुळे पुढील विजयांच्या बातम्यांवर विश्वास बसे. भारतासाठी कार्यक्रम करणाऱ्या पौर्वात्य विभागात लेखक जॉर्ज ऑर्वेल (१९०३–५०) हे १९४१ ते १९४३ या काळात काम करीत होते. त्यांच्या सहकाऱ्यांत मराठी भाषिक लेखिका वेणू चितळे होत्या. युद्धकाळात मराठीतूनही बातम्या प्रसारित होत असत.

कार्यपद्धती : १९४१ पासून यूरोपीय व पुढे इतरही भाषाविभाग लंडनच्या बुश हाउस या वास्तूत एकत्र आले, जुलै २०१२ मध्ये तेथील अखेरचे वार्तापत्र प्रसारित झाले. मध्यवर्ती वृत्तकक्षात इंग्रजीत तयार झालेल्या बातम्या भाषाविभागांकडे जात व तेथे त्यांचे भाषांतर होई. बी. बी. सी.च्या स्वतःच्या वार्ताहराने दिलेली नसेल, तर बातमीस दोन स्वतंत्र सूत्रांचा दुजोरा असावा, असा दंडक होता. त्यामुळे कधीकधी बातमी उशिरा जाई. तथापि घाईपेक्षा अचूकपणास अधिक महत्त्व होते. इतर देशांची नभोवाणी ऐकून तिचा सारांश काढणारा श्रवणविभाग १९३९ पासून कार्यरत आहे. वार्ताहरांची विवेचने सादर करणारा ‘फ्रॉम अवर ओन करस्पॉन्डंट’ (१९५५ पासून) व दैनंदिन घडामोडींचा तासाभराचा ‘न्यूजअवर’ (१९८८ पासून) हे कार्यक्रम विशेष प्रसिद्ध आहेत.

शासनाशी संबंध : खर्चासाठी ब्रिटिश परराष्ट्र खाते अनुदान देई. कोणत्या भाषेत सेवा असावी, याविषयी त्या खात्याची संमती लागे. परंतु मजकुरावर त्याचा अधिकार नव्हता. या व्यवस्थेची कठोर कसोटी १९५६ च्या सुएझ संघर्षात लागली. पंतप्रधान अँथनी ईडन यांच्या कारवाईस देशातच विरोध होता आणि त्याचे वृत्त परदेशी सेवेवरूनही दिले गेले. विरोधी पक्षनेते ह्यू गेट्स्केल यांचे उत्तराचे भाषणही प्रसारित झाले. ईडन नाराज झाले. परराष्ट्र खात्याचा एक संपर्क अधिकारी बुश हाउसमध्ये नेमण्यात आला. परंतु सेवेचे संपादकीय स्वातंत्र्य टिकून राहिले. अन्य राजवटींचा विरोध याहून उग्र होता. सोव्हिएट रशियाने १९८७ पर्यंत अनेक वर्षे रशियन प्रसारणात कृत्रिम गोंगाट मिसळून ते ऐकू येऊ दिले नाही. बल्गेरियन विभागातील लेखक गिओर्गी मार्कॉव्ह यांची १९७८ मध्ये लंडन येथे विषप्रयोगाने हत्या झाली.

भारतात नभोवाणीवरील बातम्या दीर्घकाळ शासनाच्या हाती असल्याने या सेवेस मोठा श्रोतृवर्ग लाभला. आणीबाणीत (१९७५–७७) वृत्तनियंत्रणाच्या अटी मान्य न केल्यामुळे प्रतिनिधी मार्क टली यांना देश सोडावा लागला. ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी इंदिरा गांधींवरील हल्ल्याचे वृत्त कळले, तेव्हा पश्चिम बंगालच्या दौऱ्यावर असलेल्या राजीव गांधींनी बी. बी. सी. लावून माहिती घेतली. आकाशवाणीने निधनाची घोषणा सायंकाळी केली.

परिवर्तन : दूरचित्रवाणी व आंतरजाल यांच्या प्रसारानंतर लघुतरंगांचे महत्त्व घटले. हिंदीतील लघुतरंग प्रसारण जानेवारी २०२० अखेर थांबले आणि अरबी नभोवाणी जानेवारी २०२३ मध्ये, ८५ वर्षांनंतर, बंद झाली. मराठीत आंतरजालावरील वृत्तसेवा २०१७ मध्ये सुरू झाली. १ एप्रिल २०१४ पासून सेवेचा भार प्रामुख्याने ब्रिटनमधील परवाना शुल्कावर आला. २०१६ पासून शासन पुन्हा काही अनुदान देऊ लागले. तथापि लघुतरंगांची उपयुक्तता पूर्णतः संपलेली नाही. आंतरजाल सहज तोडता येते. दूर देशातून आकाशमार्गे येणारा ध्वनी रोखणे त्या मानाने कठीण असते. म्हणूनच २०२२ मध्ये युक्रेनसाठी इंग्रजीतून व २०२३ मध्ये सूदानसाठी अरबीतून लघुतरंगांवर वार्तापत्रे तातडीने सुरू करण्यात आली.