जिथून सरळ वर येता येत नाही

गावाकडे विहिरीत पडलेली कळशी काढायला ज्यांनी बुडी मारली आहे, त्यांना तीन-चार मीटरवर कानात उठणारी कळ ठाऊक असेल. पाण्यात दर 10 मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. विहिरीत एका दमात खाली जाऊन वर यायचं असतं, म्हणून कानांवरच निभावतं. स्कूबात आपण खाली श्वास घेतो. 20 मीटरवर भरलेला श्वास वर येईपर्यंत तिप्पट फुगतो. दम रोखून वर आलं तर फुप्फुस फाटू शकतं. घाई केली तर रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे सोड्याच्या बाटलीसारखे बुडबुडे होतात.

हे आठवलं ते आयएनएस गुलदारमुळे. 1985 साली पोलंडमध्ये बांधून नौदलात आलेली आणि जानेवारी 2024 मध्ये निवृत्त झालेली ही सुमारे 84 मीटर लांबीची नौका महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाला (एमटीडीसी) मिळाली. सिंधुदुर्गात निवती रॉकजवळ ती बुडवून पर्यटकांना दाखवायची, अशी योजना आखली गेली. आपल्याकडची पोरं सुट्टीत तारकर्लीला जातातच. उद्या तीही विचारतील, जहाजात शिरता येईल का?

तासाभराचं शिकून आलेल्यानं शिरू नये. आत डोक्यावर लोखंड असतं. पायातल्या फिनचा एक फटका बसला की साचलेला गाळ उठतो, टॉर्चचा उजेड त्यावरच आदळतो आणि ज्या दारातून आलो ते दिसेनासं होतं. तयार पाणबुडे दोर सोडत आत जातात, हवेचे तीन हिस्से करतात: एक जायला, एक यायला, एक अडीनडीला. आणि धोका फक्त खालीच नसतो. मे 2022 मध्ये तारकर्लीत स्कूबाहून परतणारी बोट उलटली, दोन पर्यटक गेले. लाइफ जॅकेट, बोटीवरचा ऑक्सिजन, एका प्रशिक्षकामागे किती जण, हे पैसे देण्याआधीच विचारा.

गुलदार रिकामी नौका आहे. रामदास तशी नव्हती. 17 जुलै 1947 ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ही बोट काश्याच्या खडकाजवळ बुडाली, सहाशेहून अधिक माणसं गेली. युनेस्कोचा 2001 चा करार शंभर वर्षं पाण्याखाली असलेल्या अवशेषांना संरक्षण देतो. त्या हिशेबानं रामदासची पाळी 2047 ला येईल. त्या जागेचा मान राखायला तोवर थांबणं मला पटत नाही. गटारी अमावस्येला घरी निघालेले ते लोक होते. तिथल्या गाळात पितळी डबा दिसलाच, तर तो कुणीतरी घरी न्यायला घेतलेला डबा असेल.